ढेकळं फोडायची, रान सपाट करायचं: ट्रॅक्टरच्या मशागती अवजारांची जोडणी, क्रम आणि वाफसा

नांगरटीत घमेल्याएवढी ढेकळं निघाली की दोष अवजाराला जातो: पाती बोथट, ट्रॅक्टर कमी ताकदीचा, चालक नवखा. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा ढेकळाचा आकार ट्रॅक्टर शेतात उतरण्याआधीच ठरलेला असतो, तो मातीतल्या ओलीनं. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, साधला तर साधा कल्टिव्हेटरही एका पाळीत माती मोकळी करतो. वाफसा चुकला तर रोटाव्हेटरच्या तीन पाळ्या मारूनही वर भुकटी आणि खाली ढेकळं राहतात, डिझेल जातं ते वेगळंच. म्हणून इथे आधी ओल, मग अवजारं, आणि समपातळी सर्वांत शेवटी. ढेकळांच्या रानात समपातळी होतच नाही. लेव्हलरचं पातं ढेकूळ पुढे ढकलत नेतं आणि मागे खड्डा सोडतं.

वाफसा हातानं तपासा

वरची माती पाहून वाफसा ठरवू नका. वर पांढरी पडलेली जमीन दहा सेंटिमीटर खाली लोण्यासारखी मऊ असू शकते. रोटाव्हेटर १५ सेंटिमीटरवर चालवायचा असेल तर खुरप्यानं तेवढाच खड्डा घ्या आणि तळाची मूठभर माती उचला. मूठ घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टणक जागेवर सोडा. गोळा पडताच चुरा होऊन पसरला तर काम सुरू करा. तो नुसता चेपला, कडा न फुटता भाकरीसारखा बसला, तर थांबा. गोळा वळतच नसेल आणि बोटांत फक्त खडे येत असतील, तर चिकण जमीन मशागतीच्या पलीकडे वाळली आहे.

दुसरी खूण जास्त नेमकी आहे. तीच माती दोन तळहातांत वळून दोरी करा. साधारण ३ मिलिमीटर जाडीपर्यंत, म्हणजे काडेपेटीतल्या काडीपेक्षा किंचित जाड, ती न तुटता वळली तर माती अजून लवचिक आहे. अशा मातीवर पातं गेलं की ती फुटत नाही, सरकते आणि लिंपली जाते. त्या जाडीच्या आधीच दोरी तुटू लागली की माती फुटण्याच्या अवस्थेत आली. वाळूमिश्रित जमिनीत ही दोरी जवळपास वळतच नाही, तिथे गोळ्याच्या चाचणीवरच भरवसा ठेवा.

ओल्या चिकण मातीत रोटाव्हेटर घातल्यानं होणारं नुकसान त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. पात्यांनी कापलेला भाग काळा, चकचकीत आणि गुळगुळीत दिसतो. आठवडाभरात तोच वाळून विटेसारखा होतो, आणि मग ती ढेकळं पुढच्या पावसापर्यंत फुटत नाहीत. पात्याच्या मागे मातीला अशी चकाकी दिसली की ट्रॅक्टर बाहेर काढा. दोन दिवस थांबणं परवडतं.

हलक्या जमिनीत वाफसा बरेच दिवस टिकतो. भारी चिकण जमिनीत ऊन-वारा असला की तो दोन-चार दिवसांत निघून जातो, त्यामुळे अवजार आधीच जोडून, तेल-ग्रीस करून तयार ठेवावं लागतं. वाफसा हुकून रान वाळलंच असेल तर दगडी ढेकळांवर ताकद वाया घालवू नका. हलकं पाणी द्या किंवा पावसाची एक सर येऊ द्या. वाळलेलं चिकण ढेकूळ भिजलं की आतली हवा कोंडते, माती फुगते आणि ढेकळाला चिरा पडतात. पुन्हा वाफशावर आलं की तेच ढेकूळ पायानं दाबलं तरी फुटतं.

कोणतं अवजार कशासाठी

पलटी नांगर माती २० ते ३० सेंटिमीटर खोल कापून उलटी करतो. त्यानं ढेकळं काढायचीच असतात, तो त्याचा दोष नाही. धसकटं, तण आणि शेणखत खाली गाडायचं असेल तेव्हा तो वापरा. दर हंगामात त्याची गरज नसते.

कल्टिव्हेटर हे सर्वांत कमी कौतुक झालेलं अवजार आहे. ९ किंवा ११ फणांचा स्प्रिंगचा कल्टिव्हेटर १० ते १५ सेंटिमीटर खोल चालतो, माती उलटी न करता उकरतो आणि मोठी ढेकळं वर आणतो. स्प्रिंगमुळे फण थरथरतो, त्या थरथरीतच बरीच ढेकळं फुटतात. पहिली पाळी उभी, दुसरी तिरपी घ्या. दोन्ही पाळ्या एकाच रेषेत घेतल्या तर फण जुन्याच तासात, म्हणजे आधी पाडलेल्या चरात, घसरतो आणि मधली पट्टी तशीच राहते.

डिस्क हॅरो म्हणजे तव्यांचा कुळव. तवे फिरता फिरता ढेकूळ कापतात आणि पाचट मातीत मिसळतात. सगळा खेळ तव्यांच्या रांगेच्या कोनावर आहे. कोन वाढवला की तवे खोल शिरतात आणि ओढ वाढते. कमी केला की वरवर चालतात. साधारण १५ ते २५ अंशांच्या आत काम होतं. एवढ्यावरही तवे शिरत नसतील तर कोन ताणत बसण्यापेक्षा चौकटीवर वजन ठेवा आणि तव्यांच्या कडा पाहा. पुढच्या रांगेत खाचांचे तवे असतील तर ते धसकटं कापतात, मागच्या रांगेतले साधे तवे माती परत आत ढकलतात. ही अदलाबदल झालेली असेल तर पाचट तव्यांत गुंडाळलं जातं.

रोटाव्हेटर बियाण्यासाठी माती बारीक करतो. फिरत्या पात्यांनी माती फोडण्याची कल्पना जुनीच आहे, पण आज जे यंत्र आपण ओळखतो त्याची सुरुवात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे केली. सुरुवातीच्या पात्यांनी माती बाजूला फेकली जात होती. एल आकाराची पाती कमी व्यासाच्या दांड्यावर बसवल्यावर ती अडचण बरीच कमी झाली. आजही रोटाव्हेटर म्हणजे मुळात तोच दांडा आणि तीच पाती.

पॉवर हॅरोची पाती उभ्या अक्षावर फिरतात. त्यामुळे खालची ओली माती वर येत नाही आणि तळाला लिंपणही कमी होतं. सुट्या दगडांच्या रानात मात्र तो लवकर मोडतो.

शेवटी फळी, मैंद किंवा रोलर. रोटाव्हेटरच्या मागे साखळीनं ओढलेली जड लाकडी फळी वरची ढेकळं दाबून फोडते आणि बियाण्यासाठी माती बसवते. भारी जमिनीत ती त्याच दिवशी मारा, दुसऱ्या दिवशी ढेकळं टणक झालेली असतात.

हरळी, कुंदा किंवा लव्हाळा असलेल्या रानात रोटाव्हेटर घालू नका. तो त्यांच्या मुळ्यांचे आणि गाठींचे तुकडे करून सगळ्या शेतात लावून देतो. असं रान आधी कल्टिव्हेटरनं उकरून मुळ्या उन्हावर वाळू द्या, वेचून बाहेर काढा.

रोटाव्हेटर जोडण्याची पद्धत

रुंदी ट्रॅक्टरच्या ताकदीप्रमाणे घ्या. ढोबळमानानं ५ फुटी यंत्राला ३५ ते ४५ अश्वशक्ती, ६ फुटी यंत्राला ४५ ते ५० आणि ७ फुटी यंत्राला ५० ते ६० लागते. भारी जमिनीत वरचा आकडा धरा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांची बाहेरची रुंदी यंत्रानं झाकलेली असावी, नाहीतर चाकाची दाबलेली पट्टी उघडी राहते.

जोडणीचा क्रम असा: ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. आधी डावी खालची लिंक जोडा, मग उजवी, कारण उंचीचा हँडल बहुतेक ट्रॅक्टरला उजवीकडे असतो आणि त्यानं ती वर-खाली जुळवता येते. मग टॉप लिंक, म्हणजे वरचा तिसरा दांडा. सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरती ताकद यंत्राला देणारा दांडा. लिंच पिन, म्हणजे जोड निसटू न देणारी कडीची पिन, प्रत्येक ठिकाणी असलीच पाहिजे. खिळा किंवा तार तिची जागा घेत नाही.

मग पातळी पाहा. यंत्र सपाट जागी जमिनीला टेकवा. मागून पाहिल्यावर डावी-उजवी बाजू सारखी हवी. बाजूनं पाहिल्यावर कामाच्या खोलीवर गिअरबॉक्सचा पुढचा दांडा पीटीओच्या दांड्याला समांतर हवा. ही समांतरता टॉप लिंक लांब-आखूड करून साधते. समांतर नसेल तर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (वळणारे सांधे) वेगवेगळ्या कोनात फिरतात, यंत्र थरथरतं आणि क्रॉसचे बेअरिंग वारंवार जातात. त्याचा राग बहुतेक क्रॉसच्या दर्जावर काढला जातो.

पीटीओ शाफ्टची लांबी नव्या जोडीत तपासलीच पाहिजे. यंत्र हळूहळू वर-खाली करून शाफ्ट सर्वांत आखूड कोणत्या जागी होतो ते बघा. त्या जागी दोन्ही नळ्यांच्या टोकांना किमान २.५ सेंटिमीटर मोकळीक हवी, नाहीतर शाफ्ट पीटीओचं बेअरिंग आत दाबून फोडतो. सर्वांत लांब झाल्यावर नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी राहिल्या पाहिजेत. कापायचा झाला तर आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर सारख्याच मापानं कापा, कानसून कडा साफ करा आणि ग्रीस लावून जोडा. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत येतील असेच बसवा.

बाजूच्या साखळ्या घट्ट आवळा. नांगराला थोडी डोलायला मोकळीक लागते, रोटाव्हेटरला लागत नाही. तो डोलला तर टायर कव्हर खातो. यंत्र उचलल्यावर शाफ्टचा कोन ३० अंशांपुढे जाणार नाही अशी लिफ्टची मर्यादा लावा. कडेला वळताना पीटीओ बंद करणं सर्वांत बरं.

पाती: कोणती, कुठे, किती आवळून

५ फुटी यंत्राला बहुधा ३६, ६ फुटीला ४२ आणि ७ फुटीला ४८ पाती येतात. प्रत्येक फ्लँजवर, म्हणजे पाती बसवायच्या चकतीवर, सहा: मधल्या फ्लँजवर तीन डावी, तीन उजवी. कडेच्या दोन फ्लँजवरची सगळी पाती आतल्या बाजूला वळलेली असतात, बाहेर वळलेलं पातं बाजूची पत्रा-चौकट खातं. फ्लँजवर पाती एका ओळीत नसतात. रोटरवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, ती मळसूत्रासारखी पुढे सरकत जातात, म्हणजे एका क्षणी एकच पातं मातीत आपटतं. पाती बदलताना हा क्रम चुकला तर दोन-तीन पाती एकदम आपटतात आणि सगळं यंत्र धडधडतं. म्हणून सगळी पाती एकदम काढू नका. एक फ्लँज उघडा, जुन्याच्या जागी तशाच वळणाचं नवं बसवा, आवळा, मग पुढच्या फ्लँजकडे जा.

पात्याची धार जमिनीत आधी शिरेल अशी दिशा हवी. पाठ आधी लागली तर ते मातीला कापण्याऐवजी ठोकतं. शेतात न नांगरलेल्या अरुंद पट्ट्या सरळ रेषेत दिसत असतील तर एखादं पातं उलटं बसलं आहे, गळून पडलं आहे किंवा शेजारची दोन एकाच बाजूला वळली आहेत. पट्टीचं कडेपासूनचं अंतर मोजा, थेट त्या फ्लँजपर्यंत पोहोचाल.

बोल्ट मूळ ताकदीचेच वापरा, ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, जसे यंत्राला आले तसे. डोक्यावर तो आकडा उमटवलेला असतो. साधा बोल्ट ताणला जातो, पातं सैल होतं, भोक अंड्यासारखं होतं आणि मग फ्लँजच बदलावी लागते. नवी पाती बसवल्यावर दोन-तीन तास काम करून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर रोज सकाळी पाना लावून बघा. पात्याची रुंदी निम्म्यावर आली की बदला. झिजलेलं पातं स्वस्त वाटतं, पण डिझेलवर ते दुप्पट वसूल करतं, शिवाय तळाला लिंपण वाढवतं.

वेगाचं गणित

माती किती बारीक होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: ट्रॅक्टरचा वेग, रोटरचे फेरे आणि यंत्राच्याच मागची झाकणाची फळी. पहिल्या दोन्हींचा हिशेब कागदावर करता येतो.

ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर चालला तर मिनिटाला ५,००० सेंटिमीटर जातो. रोटर मिनिटाला २०० फेरे घेत असेल आणि फ्लँजवर एका बाजूची तीन पाती असतील तर मिनिटाला ६०० काप पडतात. ५,००० भागिले ६०० म्हणजे ८.३ सेंटिमीटर, एका कापात कापलेला मातीचा तुकडा एवढा. वेग ताशी ५ किलोमीटर केला तर तुकडा जवळपास १४ सेंटिमीटरचा होतो. २ किलोमीटर केला तर साडेपाच सेंटिमीटरचा. चालक एक गिअर वर टाकतो तेव्हा ढेकूळ किती मोठं होतं ते या आकड्यांवरून कळतं.

वेग मोजायला मीटर लागत नाही. ३० मीटरवर दोन खुंट्या ठोका. ट्रॅक्टर कामाच्या गतीनं त्या अंतरातून ३६ सेकंदांत गेला तर वेग ताशी ३ किलोमीटर आहे.

पीटीओचे ५४० फेरे ट्रॅक्टरच्या डायलवर ज्या इंजिन फेऱ्यांना दाखवलेले असतात तिथेच थ्रॉटल ठेवा. डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी केला तर रोटरही मंदावतो, तुकडा मोठा होतो आणि पाळी दोनदा मारावी लागते. इंजिन दमत असेल तर थ्रॉटल नाही, गिअर कमी करा. रोटरचा वेग बदलायचा असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या गिअर जोड्या बदला. भारी जमिनीला मंद, हलक्या जमिनीला आणखी मंद चालतो. वेगवान रोटर हलक्या जमिनीची पूड करतो, आणि त्या पुडीवर पहिला पाऊस पडला की पापुद्रा धरतो. कोंब खालीच वाकडे होतात.

मागची फळी खाली दाबली की उडालेलं ढेकूळ तिच्यावर आपटून फुटतं, माती बारीक आणि सपाट होते. वर उचलली की ढोबळ राहते. पेरणीसाठी फळी खाली, पण पावसाळ्याआधी उघडं ठेवायचं रान असेल तर वर. बियाण्याच्या थरात हरभऱ्याएवढे खडे असणं चांगलं. पुडीपेक्षा तेच रान पाणी जास्त पितं.

खोली बाजूच्या पट्ट्यांनी ठरवा, लिफ्टच्या दांड्यानं नाही. आणि १५ सेंटिमीटर एका दमात घेण्याचा हट्ट टाळा: टणक रानात पहिली पाळी ७-८ सेंटिमीटरची घ्या. रोटर चाकांच्याच दिशेनं फिरतो, त्यामुळे तो ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. टणक जमिनीत पाती शिरली नाहीत की यंत्र त्यांच्यावर उड्या मारतं आणि ट्रॅक्टर झटके खातो. पाती जमिनीत असताना मागे कधीच येऊ नका, आणि तीव्र वळण घेऊ नका. दोन्हींत पाती वाकतात.

काम किती होईल याचा अंदाज: रुंदी १.८ मीटर, वेग ३ किलोमीटर, वळणं-आच्छादनं धरून ८० टक्के. १.८ गुणिले ३ गुणिले ०.८, भागिले १० म्हणजे ताशी ०.४३ हेक्टर. एका हेक्टरला सव्वादोन तासांच्या थोडं वर. ताशी पाऊण हेक्टर झाल्याचं कोणी सांगत असेल तर ढेकळं मोजून बघा.

खालचा कडक थर

सलग काही वर्षं एकाच खोलीवर रोटाव्हेटर चालवला तर एल पात्याचा आडवा भाग दरवेळी त्याच पातळीवर घासतो. तिथे लिंपलेला, बोटभर जाडीचा थर तयार होतो. वरची माती लोण्यासारखी, पाणी मात्र थांबतं, मुळं आडवी पसरतात. ओळखायला १० ते १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई वाफशाच्या वेळी हातानं दाबत न्या. १२ ते १५ सेंटिमीटरवर ती अचानक अडली आणि त्याच्याखाली पुन्हा सोपी गेली तर थर आहे. खणून एक पीक उपटून पाहिलं तर मुळाचं टोक काटकोनात वळलेलं दिसतं.

त्याला सबसॉइलर, म्हणजे थराखालून जाणारा खोल फण, लागतो, आणि त्याचा नियम उलटा: तो कोरड्या जमिनीत चालवायचा. ओल्या मातीत त्याचा दांडा फक्त फट पाडतो, बाजूचा थर तडकत नाही. थराच्या तळाच्या पाच-सहा सेंटिमीटर खालून टोक जाईल एवढी खोली ठेवा आणि दोन चरांमध्ये खोलीच्या दीडपटीपेक्षा जास्त अंतर नको. ४० सेंटिमीटर खोल चालवत असाल तर चर ६० सेंटिमीटरवर. चालवल्यावर मधली जमीन किंचित उचललेली दिसली पाहिजे. नुसती रेघ दिसली तर काम झालं नाही.

ओढीच्या कामात चाक किती घसरतं हे मोजून घ्या. मागच्या टायरवर खडूनं खूण करा, अवजार उचलून टायरच्या दहा फेऱ्यांत किती अंतर गेलं ते मोजा, मग अवजार जमिनीत घालून पुन्हा मोजा. आधी ४५ मीटर आणि नंतर ३९ मीटर आलं तर घसरण १३ टक्के. १५ टक्क्यांच्या पुढे गेली तर वजन वाढवा किंवा खोली-रुंदी कमी करा. घसरणारं चाक टायर आणि डिझेल दोन्ही खातं, वर त्याच ठिकाणी जमीन घासून दाबतं.

समपातळी: मोजल्याशिवाय पातं लावू नका

एका हेक्टरवर एक सेंटिमीटर माती म्हणजे १०० घनमीटर. हा आकडा लक्षात ठेवला की "थोडं उंच आहे, ओढून टाकू" हे वाक्य किती महाग आहे ते समजतं. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या शेतात १०-१५ सेंटिमीटरचा फरक सहज लपतो, पाणी सोडल्यावरच तो दिसतो.

साधा लेव्हलर किंवा मागचं पातं वापरायचं असेल तर आधी पाणी देताना जिथे साचतं आणि जिथे चढत नाही तिथे वेगवेगळ्या रंगाच्या खुंट्या ठोका. वाफशावर आल्यावर उंच खुंट्यांकडून खोल खुंट्यांकडे माती ओढा. हात बसलेला चालक यानं ५-७ सेंटिमीटरपर्यंतचा फरक आवरतो.

त्याहून बारीक कामाला लेझर लेव्हलर. तिवईवर फिरणारा किरण एक समान पातळी आखतो, माती ओढणाऱ्या बकेटवरच्या खांबावरचा रिसीव्हर तो पकडतो आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बकेट आपोआप वर-खाली करतो. नीट लावला तर दोन सेंटिमीटरच्या आत रान येतं. पायऱ्या अशा.

शेत आधी नांगरून, ढेकळं फोडून, धसकटं काढून मोकळं करा. टणक जमीन बकेट खरवडते, उचलत नाही. तिवई टणक जागी, शेताच्या बाहेर, किरण ट्रॅक्टरच्या छतावरून जाईल एवढ्या उंचीवर रोवा आणि पाय मातीत दाबा. मग १० मीटरच्या चौकटी आखून प्रत्येकीच्या मध्यावर मोजपट्टी धरा आणि किरण कोणत्या आकड्यावर लागतो ते लिहा. ५० बाय ४० मीटरच्या तुकड्यात २० आकडे येतील. एक गोष्ट सगळ्यांची चुकते: मोजपट्टीवरचा आकडा मोठा म्हणजे जमीन खाली, लहान म्हणजे जमीन वर. सगळ्यांची सरासरी काढा. समजा ती २.९२ मीटर आली. २.८६ चा बिंदू ६ सेंटिमीटर उंच आहे, तिथून कापायचं. १०० चौरस मीटरच्या त्या चौकटीतून ६ घनमीटर माती निघेल. २.९९ चा बिंदू ७ सेंटिमीटर खोल, तिथे भरायचं.

ज्या जागी आकडा सरासरीएवढा आहे तिथे बकेट उभी करा, पात्याची धार जमिनीला टेकवा आणि रिसीव्हर खांबावर सरकवून मधला दिवा लागेपर्यंत जुळवा. इथे खांब आवळला की पातळी ठरली. आता ऑटोवर टाका आणि कागदावरच्या नकाशाप्रमाणे सर्वांत उंच चौकटीकडून सर्वांत खोल चौकटीकडे जा. पुढे-मागे रिकाम्या फेऱ्या मारत गोल फिरणं हा सर्वांत मोठा अपव्यय आहे. मोठी माती सरकली की शेवटचा हात शेताच्या लांबीनं घ्या, मग दोन-चार बिंदू पुन्हा मोजा.

सरीनं पाणी द्यायचं असेल तर थोडा उतार ठेवा, ०.१ ते ०.३ टक्के. ०.२ टक्के म्हणजे १०० मीटरला २० सेंटिमीटर. पाणी साठवून ठेवायचं असेल तर पूर्ण समपातळी.

काय बिघडतं: वाऱ्यात तिवई हलली की पट्ट्या-पट्ट्यांनी चढ-उतार येतात. दुपारनंतर एक पाय मातीत रुतला तर सगळं शेत हळूहळू वाकडं होतं, म्हणून शेताबाहेर एक खुंटी खूण म्हणून ठेवा आणि दर तासाला तिच्यावरचा आकडा तपासा. बकेट वर-खाली उड्या मारत असेल तर वेग जास्त आहे, किंवा हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह जास्त सोडला आहे. व्हॉल्व्हवरचा प्रवाह कमी करा. बकेट उशिरा हलते तेव्हा तेल कमी, फिल्टर जाम किंवा तेल तापलेलं.

वरची सुपीक माती किती जाड आहे हे काम सुरू करण्याआधी चार ठिकाणी खणून बघा. कापायची खोली तिच्या निम्म्याहून जास्त येत असेल तर एकाच पातळीचा हट्ट सोडा. शेत दोन-तीन तुकड्यांत विभागा आणि प्रत्येकाची वेगळी सरासरी काढा. तुकडे करता येत नसतील तर वरची १०-१५ सेंटिमीटर माती आधी कडेला ओढून ठेवा, खालची पातळी करा आणि ती परत पसरा. जिथे माती कापली तिथे शेणखत नेहमीपेक्षा जास्त टाका. भरावाच्या जागा पहिल्या पाण्यानं बसतात, त्यामुळे भरताना त्या किंचित उंच ठेवा आणि एका हंगामानंतर पुन्हा मोजून हात फिरवा. बकेटच्या आणि टायरच्या दाबानं वरची माती घट्ट होते. पेरणीआधी कल्टिव्हेटरची एक हलकी पाळी द्या.

आणि एवढं सपाट केलेलं रान नांगरच बिघडवतो. एका बाजूला माती टाकणारा नांगर दरवर्षी कडेनं फेऱ्या घालत मधे येत गेला तर बांधालगत माती चढते आणि मधोमध खळगा पडतो. पलटी नांगरानं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तास शेजारी-शेजारी घ्या, आणि पुढच्या वर्षी माती उलट्या बाजूला टाका. साध्या नांगरानं करायचं असेल तर एका वर्षी मधून बाहेर, दुसऱ्या वर्षी बाहेरून मधे. ऑफसेट डिस्क हॅरोही एका बाजूला खोल तास सोडतो, पुढची फेरी त्या तासावरून घेऊन तो भरा.

रोजची देखभाल आणि सुरक्षितता

गिअरबॉक्सचं तेल यंत्र सपाट असताना पातळीच्या बोल्टपर्यंत असावं. जास्त भरलं तरी तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. तेल गळतंय आणि पातळी बरोबर आहे, तर वरचा हवेचा बोल्ट मातीनं बुजला आहे का ते बघा. आतला दाब सीलवर येतो. रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेलं गवत, सुतळी आणि प्लास्टिक रोज कापून काढा. तीच सुतळी सील कापते, माती आत जाते आणि बेअरिंग बसतं. बाहेरून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. डिस्क हॅरोच्या रांगेच्या टोकाची मोठी नट आठवड्याला पूर्ण ताकदीनं आवळा. ती सैल राहिली की तवे दांड्यावर फिरू लागतात आणि चौकोनी भोक गोल होतं.

पाती साफ करताना, बोल्ट आवळताना इंजिन बंद, चावी खिशात आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे. हायड्रॉलिक लिफ्टच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नका. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर साखळीसकट हवंच. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ, सैल कपड्याचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. मडगार्डवर किंवा यंत्रावर कोणाला बसवू नका, मुलांना तर नाहीच. यंत्र चालू असताना दगड मागे जोरात उडतात, निदान काही मीटर मागे कोणी उभं राहू नये.

हंगाम संपला की अवजार धुऊन वाळवा, पात्यांना आणि तव्यांना वापरलेलं तेल किंवा ग्रीस फासा, नट-बोल्टची उणीव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पीटीओ शाफ्ट काढून नळ्या आतून पुसा आणि ग्रीस लावून छताखाली ठेवा. रोटाव्हेटर ठोकळ्यांवर उभा करा, म्हणजे पाती मातीला लागणार नाहीत आणि पुढच्या वाफशाला तो उचलून थेट जोडता येईल.